‘काही त्रास नाही’ या उत्तराचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी त्याने आणि त्याच्या वर्गमैत्रिणीने बीड जिल्ह्यातल्या एका गावात ऊसतोडीला जाणाऱ्या ६० बायकांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्नावलीत अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीच्या तक्रारी आणि नवऱ्याची मारहाण असे विषय होते. त्रास आहे असं फक्त चौघींनी सांगितलं. वही मिटून चहा घेताना मात्र दोघींनी वेगळंच काही सांगितलं. त्याला विचारायचंय: बायका खोटं बोलतात का? प्रश्नावली चुकली का? की मी पुरुष असल्यामुळे असं झालं? तसं म्हणावं तर मैत्रिणीलाही जवळपास तशीच उत्तरं मिळाली.

मी बरीच वर्षं मराठवाड्यात आरोग्य-सर्वेक्षणासाठी मुलाखतकारांना तयार करण्याचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच. माझं पहिलं म्हणणं असं की ‘खोटं’ हा शब्द बाजूला ठेवा. त्या ओट्यावर, त्या माणसांच्या देखत, त्या बाईला जे बोलता येण्यासारखं होतं ते ती बोलली. त्या जागेपुरतं ते उत्तर बरोबरच होतं. तुम्ही तिला तब्येतीबद्दल विचारलंत, तिने मात्र तिथे बसलेल्या सगळ्यांना एकदम उत्तर दिलं. म्हणून तुमच्या वर्गमैत्रिणीलाही वेगळं काही मिळालं नाही. विचारणारा बाप्या होता की बाई, याने फरक पडतो, पण ऐकायला आणखी कोण बसलंय, याने त्याहून जास्त पडतो.

तुमच्या ६० मुलाखतींत किती वेळा सासू जवळ होती, किती वेळा आशाताई (गावातल्या आरोग्य-स्वयंसेविका) सोबत होत्या, किती वेळा नवरा ‘मी आपला बसतो’ म्हणत बाजेवर टेकला होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवून बघा. गावात नवखा माणूस वही घेऊन आला की ओट्यावर चारजण जमतातच, त्यात गावाचा काही दोष नाही. सासू गहू निवडत बसलेली असते. तुम्ही सुनेला विचारता, ‘पाळीचा काही त्रास?’ सून पदर सारखा करते आणि सासू सुपातून मान वर न करता सांगते, ‘न्हाई बाई, आमच्या घरात कुनाला काय न्हाई.’ सून मान हलवते. तुम्ही ‘नाही’वर खूण करता. आता तो ‘नाही’ कुणाचा?

आशाताईंबद्दल जरा जपून बोलते, कारण त्यांच्याशिवाय गावात पाऊल ठेवता येत नाही. पण त्याही त्याच गावच्या सुना असतात, कुणाच्या तरी जावा, कुणाच्या तरी भावकीतल्या. त्यांनी तुम्हाला दारापर्यंत सोडावं, ओळख करून द्यावी आणि पुढच्या घरी जावं. हे त्यांना आदल्या दिवशी नीट समजावून सांगितलं तर राग येत नाही. ऐनवेळी ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ म्हटलं तर येतो, आणि यायलाच हवा.

आता गप्प राहण्याबद्दल. बाहेरून सगळी गप्प माणसं सारखीच दिसतात, पण माझ्या कामात मला निदान तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या आणि त्यांच्यावर एकच औषध चालत नाही.

पहिली लाज. ही सगळ्यांच्या डोळ्यांवर येते, आणि खरं सांगायचं तर ती सगळ्यात लवकर विरघळते. एकांत मिळाला, बाईमाणूस विचारणारं असलं आणि शब्द ओळखीचा असला की बायका बोलतात, भरपूर बोलतात. ‘श्वेतप्रदर’ छापलेली प्रश्नावली घेऊन गेलात तर समोरची तुमच्याकडे बघत राहते. ‘अंगावरून पांढरं जातं का’ म्हटलं की कळतं. त्यातही काही गावांत नुसतं ‘अंगावरून जाणं’ म्हणजे रक्त जाणं. म्हणून प्रश्नावली छापण्याआधी त्याच गावातल्या चार म्हाताऱ्यांजवळ बसा. म्हाताऱ्यांना लाज कमी असते आणि वेळ भरपूर.

दुसरी गोष्ट, ‘यात सांगायचं काय?’ हिच्याकडे विद्यार्थ्यांचं फार दुर्लक्ष होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५० बायकांची मुलाखत आणि प्रत्यक्ष तपासणी झाली होती. तक्रार आहे असं सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. तपासणीत एक तरी स्त्रीरोग आढळला तो ९२ टक्के जणींमध्ये. आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. ५५ आणि ९२ यांच्या मधल्या सगळ्याजणी काही लपवत नव्हत्या. काही आजार मुळातच जाणवत नाहीत, हे खरं. पण जे जाणवतं तेही ‘बाईच्या जातीला असायचंच’ या खात्यात आधीच जमा झालेलं असतं. तिची आई तशीच होती, नणंद तशीच आहे. जे सगळ्यांनाच आहे त्याला त्रास कोण म्हणेल? अशा बाईला ‘मोकळेपणाने सांगा’ म्हणून उपयोग नाही, ती मोकळेपणानेच ‘काही नाही’ म्हणतेय. तिला विचारायचं ते असं: मागच्या महिन्यात पोट दुखतंय म्हणून काम करताना बसावं लागलं का? रात्री झोप मोडली का? कापड किती वेळा बदलावं लागलं? त्रास आहे की नाही हे तिच्याकडून ठरवून घ्यायचं नाही, काय घडलं ते विचारायचं.

तिसरी भीती, आणि ऊसतोडीच्या बाबतीत हीच खरी मोठी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी त्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत दोघांनी तोड करायची. एकाने एक दिवस बुडवला तरी खाडा लागतो, पैसे कापले जातात. आता विचार करा, दसऱ्याच्या तोंडावर, उचल घ्यायच्या दिवसांत, तुम्ही भरल्या वस्तीत एका बाईला विचारताय की तुझी तब्येत बरी नसते का. तिने ‘हो’ म्हटलं आणि ते मुकादमाच्या कानावर गेलं तर त्या कोयत्याची उचल कमी होऊ शकते. मुकादम पुष्कळदा गावातलाच असतो, नात्यातलाही असतो. इथे लाजेचा संबंध नाही. ती हिशोब करतेय आणि तिचा हिशोब चोख आहे. मुलाखती तुम्ही कोणत्या महिन्यात घेतल्या ते लिहिलेलं नाही. हंगाम संपवून माणसं गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात तेव्हा, म्हणजे जुना हिशोब झालेला आणि नवी उचल अजून लांब, त्या दिवसांत हेच प्रश्न विचारले तर उत्तरं बदलतात. प्रबंधाची तारीख परवानगी देत असेल तर थोड्या मुलाखती तेव्हा पुन्हा घ्या.

बीडचंच एक उदाहरण या सगळ्याला लावून पाहण्यासारखं आहे. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती गोळा झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभराचा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास होता. (दोन्हीकडचे वयोगट एकच नाहीत, त्यामुळे थेट भागाकार करू नका.) मला यात नेहमी जाणवतं ते वेगळंच. ‘पिशवी काढली’ हे बायका चारचौघांत सांगतात. कुठल्या दवाखान्यात, किती खर्च आला, कुणाकडून पैसे घेतले, सगळं. पण ज्यासाठी काढली ते पांढरं जाणं, ते दुखणं, त्याआधीची कितीतरी वर्षं कुणाजवळ बोललेलं नसतं. ऑपरेशनला कागद असतो, बिल असतं, डॉक्टरचा शब्द असतो, म्हणून ते बोलण्यासारखं होतं. तक्रारीला यातलं काहीच नसतं. तुमच्या प्रश्नावलीत ऑपरेशनचा प्रश्न असता तर तुमच्या तक्त्यात आजार चार जणींना आणि ऑपरेशनं त्याहून कितीतरी जास्त, असं विचित्र चित्र आलं असतं.

रीत फक्त तोंड बंद करते असं मात्र समजू नका. काय, कुणाजवळ आणि कुठल्या रूपात बोलायचं तेही तीच ठरवते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण उखाण्यात घ्यायचं, तेही सगळ्यांसमोर. दारुड्या नवऱ्याबद्दल ओट्यावर बोलायचं नाही, पण पहाटे जात्यावर गायचं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या वाचल्या की गावची बाई मुकी असते असं कुणी म्हणणार नाही. सासर, मारझोड, वांझपण, सवत, सगळं आहे त्यात. गिरणी आली आणि ती जागा गेली. आता ते बोलणं नळावर होतं, टेम्पोत होतं, माहेरच्या फोनवर होतं. गावात गेल्यावर पहिले दोन दिवस प्रश्नावली पिशवीतच राहू द्या आणि एवढंच बघा: इथल्या बायका एकमेकींशी कुठे आणि कधी बोलतात? मुलाखतीची जागा त्यावरून ठरवा. घर ही बहुतेक वेळा सगळ्यात वाईट जागा असते.

एकांत मिळवायचा कसा, हे परिस्थितीवर आहे. एकाच खोलीच्या घरात, लेकरं अंगाखांद्यावर असताना ‘खाजगी मुलाखत’ हे बोलायला सोपं आहे. आमच्याकडे दोघी जातात. एक सासूबाईंशी वेगळी मुलाखत सुरू करते, त्यांचं बाळंतपण, त्यांच्या वेळचा दुष्काळ, आणि ती खोटी नसते, लिहूनही घेते. तोवर दुसरी सुनेबरोबर गोठ्यापाशी. कुणी मध्येच आलं तर प्रश्न बदलायचा, धान्य-रेशनवर यायचं. हे आधी त्या बाईला सांगून ठेवायचं, म्हणजे ती गोंधळत नाही. आणि नाहीच जमलं तर तो प्रश्न विचारायचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हाच नियम आहे: कौटुंबिक हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारले जातात आणि पूर्ण एकांत नसेल तर तो भागच सोडून दिला जातो. चांगल्या उत्तरांसाठी हा नियम आहेच, पण त्याहून जास्त तो आपण निघून गेल्यावर तिला मार बसू नये म्हणून आहे. तुमच्या प्रश्नावलीतला मारहाणीचा प्रश्न सासूदेखत विचारला गेला असेल, तर तो चुकला असं स्पष्टच सांगते.

पुस्तकात तुम्हाला नाण्याची पद्धत सापडेल. १९६५ साली वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने या तऱ्हेच्या पद्धतीची सुरुवात केली, पुढे तिचे सोपे प्रकार निघाले. त्यातला एक असा: बाईने नाणं उडवायचं, आपल्याला दाखवायचं नाही. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. १०० जणींपैकी ६५ ‘हो’ आले तर साधारण ५० नाण्याचे, उरलेले १५ हे बाकीच्या ५० पैकी, म्हणजे प्रमाण ३० टक्के. कुणाचा ‘हो’ खरा हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे कुणी अडकत नाही. कागदावर सुरेख आहे. पण माझा अनुभव असा की अनोळखी माणसाने नाणं उडवायला सांगितलं की बायकांना तो जुगार वाटतो नाहीतर फसवणूक. त्यापेक्षा दोन धान्यं बरी. ज्वारी म्हणजे ‘हो’, हरभरा म्हणजे ‘नाही’, ज्याचा असेल तो दाणा मुठीत घेऊन झाकणाच्या डब्यात टाकायचा. निरक्षर बाईलाही जमतं आणि डबा शेवटी सगळ्यांचा एकदम उघडतो. अर्थात यातून गावाचं प्रमाण कळतं, कुठल्या बाईचं काय ते कळत नाही, आणि ६० जणींवर नाण्याचं गणित करण्यात फार अर्थ नाही. चूक-भूल इतकी मोठी येते की आकडा हलतच राहतो.

गटचर्चेचंही लिहिते, कारण तुमचा पुढचा बेत तोच दिसतोय. बचत गटात बसवून विचारलं तर गावात काय बोलायचं असतं ते कळेल, कुणाबरोबर काय झालं ते कळणार नाही. ते कळणंही मोलाचं आहे, फक्त गल्लत करू नका. गटात आणखी एक गंमत होते. प्रत्येकीला मनातून वाटत असतं की पाळीत लेकीला बाजूला बसवणं बरं नाही, पण बाकीच्या सगळ्यांना ते मान्य आहे, अशी तिची खात्री असते, म्हणून ती गप्प. आणि तिचं गप्प बसणं बघून शेजारणीची तीच खात्री होते. सौदी अरेबियात रियाधमधल्या सुमारे ५०० विवाहित पुरुषांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच निघालं. बायकांनी घराबाहेर नोकरी करावी याला बहुतेकांचा खाजगीत पाठिंबा होता, पण ‘इतरांचा तेवढा नसेल’ असं त्यांना वाटत होतं. काहींना खरा आकडा सांगितल्यावर बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत घालायला त्यांच्यातले जास्त जण तयार झाले. आमचा दाण्यांचा डबा गटासमोर उघडला की थोडंफार असंच होतं. ज्वारीचा ढीग बघून आधी सगळ्या हसतात, मग एकजण तोंड उघडते.

पण हे लाजेच्या आणि गैरसमजाच्या बाबतीत चालतं. मुकादमाच्या भीतीवर चालत नाही, कारण तिथे प्रत्येकीचा अंदाज बरोबर असतो, खाडा खरोखरच लागतो. अशा ठिकाणी ‘जनजागृती करून बायकांना बोलतं केलं पाहिजे’ असं प्रबंधाच्या शेवटी लिहिलं जातं, त्याची मला मनापासून चीड आहे. बोलल्यावर तिचं जे नुकसान होईल ते भरून देणारं कुणी नसेल तर तिला बोलतं करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आता तुमचा डेटा. फेकू नका. ‘त्रास नाही – ५६’ असं लिहिलंय तिथे ‘त्रास सांगितला नाही – ५६’ असं करा आणि आठवत असेल तेवढं, मुलाखतीच्या वेळी कोण कोण होतं याचा एक रकाना जोडा. मैत्रिणीलाही तिच्या मुलाखतींचं वेगळं आठवायला सांगा, एकत्र बसून भरू नका. एकट्या भेटलेल्या बायका आणि सासू-नवऱ्यासमोर भेटलेल्या बायका यांच्या उत्तरांत फरक दिसला तर तो तुमच्या प्रबंधाचा गाभा होऊ शकतो. फरक दिसला नाही तरी संख्या कमी आहे हे लक्षात ठेवून जपून लिहा. आणि पूर्वीच्या आकड्यांशी तुलना करताना सावध राहा. कर्नाटकात नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या विवाहित बायकांचं प्रमाण राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत २०.६ टक्के होतं, पाचव्या फेरीत ४४.४. चार-पाच वर्षांत मारहाण दुप्पट झाली, की सांगणं वाढलं, की विचारण्याच्या पद्धतीत फरक पडला? नुसत्या आकड्यावरून यातलं काहीच ठरत नाही. आकडा वाढला म्हणजे परिस्थिती बिघडली, असं वर्तमानपत्र लिहितं. तुम्ही लिहू नका.

वही मिटल्यावर चहाच्या वेळी दोघींनी जे सांगितलं ते प्रबंधात घालावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. वही मिटलेली बघूनच त्या बोलल्या. म्हणजे ‘हे लिहू नका’ असं त्यांनी न बोलता सांगितलेलंच आहे. पुन्हा जा, एकटीला गाठा, ‘नाव-गाव न येता लिहू का’ असं विचारा, आणि ती ‘नको’ म्हणाली तर नको. तब्येतीचं असेल तर आधी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या वारी बाई डॉक्टर असतात ते काढून सांगा, आणि हे काम लिहिण्याच्या परवानगीवर अवलंबून ठेवू नका.

तुमचे मार्गदर्शक बहुधा म्हणतील की एकांताची अट घातली तर ६० चा नमुना ३०-३५ वर येईल. येऊ द्या. किती घरांत एकांत मिळालाच नाही, कुणामुळे मिळाला नाही, हे त्याच प्रकरणात मांडा. सुधारलेली प्रश्नावली इथे टाकलीत तर बघून सांगते.